माळ्यावरचा व्हिडिओ गेम : प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

दसरा उरकला आणि दिवाळीच्या आवराआवरीला हात घातला. माळ्यावर पितळी भांड्यांच्या मागे एक खोका निघाला. वर आईच्या अक्षरात लिहिलेलं, 'मुलांचं. टाकू नये.' आत आमचा व्हिडिओ गेम! तेव्हा आम्ही यंत्रालाच व्हिडिओ गेम म्हणायचो. दोन रिमोट, एक बंदूक, गेमच्या सहा कॅसेटी. १९९६ साली ताईला स्कॉलरशिप मिळाली म्हणून बाबांनी मुंबईहून आणला होता.

यंत्र अस्सल नव्हे. निन्टेन्डोने १९८३ साली जपानात फॅमिकॉम काढला, त्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे गल्लोगल्ली पोचल्या, त्यातलाच हा एक. पण साताऱ्यातल्या आमच्या वाड्यात मे महिन्याची अख्खी दुपार याच्या मालकीची होती.

ठरवून टाकलं. १९ तारखेला ताई, दाजी आणि मनू पुण्याहून येतायत, आठवडाभर राहतील. तोवर मागच्या खोलीत खेळाचा कोपरा उभा करायचा. एका बाजूला हा जुना व्हिडिओ गेम, दुसऱ्या बाजूला माझा छोटा पीसी आणि त्यावर इंडी गेम, म्हणजे मोठ्या कंपनीचं पाठबळ नसताना एकट्यादुकट्याने किंवा तिघाचौघांनी मिळून केलेले. मनू अकरा वर्षांची आहे आणि फोनवरचे गेम सोडून तिने काही खेळलेलं नाही. माझे जिवापाड आवडते बारा गेम तिला दाखवायचे. रात्री यादी करायला बसलो तर त्रेचाळीस नावं झाली.

६ ऑक्टोबर, सोमवार

अडॅप्टर गेलेला. नवा ९ व्होल्टचा आणला आणि खुपसण्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस पाहिलं, ते फार बरं झालं. आमच्या यंत्राला पिनच्या आत मायनस लागतं, आणलेल्याचं नेमकं उलट. तार कापून फिरवून घेतली, वर टेप. लाल दिवा लागला तेव्हा कोजागिरीचं दूध आटत होतं. मी इथून ओरडलो, "आई, लागला!" ती पातेलं सोडून बघायला आली.

८ ऑक्टोबर, बुधवार

टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे चौदा इंची जुना, काचेच्या नळीचा टीव्ही धूळ खात पडला होता. सातशे रुपयांत दिला. म्हणाले, "न्या, कुणी बघेल तरी त्यावर काही."

हॉलमधल्या सपाट टीव्हीवर काम भागलं असतं, पण मला बंदूक चालायला हवी होती. डक हंट (१९८४) या बदकं टिपायच्या गेममध्ये घोडा ओढला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट तिच्या नळीत एक डोळा बसवलेला आहे. त्याला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर बदक पडलं. जुन्या टीव्हीत काचेवर किरण कोणत्या क्षणी कुठे पोचतो यावर हा सगळा हिशोब बेतलेला. सपाट टीव्ही चित्र जरा उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीची बघण्याची वेळ संपून गेलेली असते. लहानपणी मी नळी पेटत्या बल्बकडे धरून गेमला फसवायला बघायचो आणि तो फसायचा नाही. आधीचा काळा पडदा कशासाठी, ते आज समजलं. ज्याने हे योजलं त्याला माझा दंडवत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कॅसेटी साफ केल्या. कानात घालायच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. पहिल्या कॅसेटीच्या पिनांवरून काडी फिरवली तर काळीशार निघाली, चौथ्या काडीनंतर पितळी रंग दिसायला लागला. आपण सगळे कॅसेट काढून फुंकर मारायचो ना, त्या फुंकरीने काही व्हायचं नाही. काढून पुन्हा बसवली की पिना नीट टेकायच्या, काम त्याने व्हायचं. तोंडातल्या दमटपणाने पिना गंजायच्या तेवढ्या.

मग मारिओ लावला. सुपर मारिओ ब्रदर्स, १९८५, शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा. पूर्ण गेम ४० किलोबाइट. या वहीच्या एका पानाचा फोनने फोटो काढला तर तो याच्या कितीतरी पट मोठा भरतो! इतक्या थोड्या जागेत बसवायचं म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांचं चित्र एकच ठेवलं, फक्त रंग बदलला. तीस वर्षं मी ते पाहतोय, आणि आजही पहिल्यांदा ढगच दिसतो, झुडूप दिसत नाही.

पहिली लेव्हल मी आज चार वेळा फक्त बघण्यासाठी खेळलो. मारिओ डाव्या कडेला उभा, समोर मोकळी जागा, म्हणजे कुठे जायचं ते आपोआप ठरलं. समोरून गुम्बा नावाचा छोटा शत्रू येतो. त्याला धडकलात तर मेलात, पण गेम सुरू होऊन चारच सेकंद झालेत, गमावलं काय? पुढे ठोकळ्यातून मशरूम निघतो. तो उजवीकडे घसरत जातो, पाइपाला आपटतो आणि परत तुमच्याच दिशेने येतो. घाबरून उडी मारली तर वरच्या ठोकळ्यांना डोकं लागून तुम्ही त्याच्यावरच पडता आणि मोठे होता. ही मांडणी मुद्दाम अशी केली, असं खुद्द मियामोतोंनी समजावून सांगितलेलं आहे.

मला त्याहून आवडते ती लेव्हलच्या शेवटाकडची जागा. दोन पायऱ्या समोरासमोर, मध्ये उडी मारायची, आणि खाली जमीन. चुकलात तर खाली पडता, परत चढता. थोडं पुढे अगदी तशाच दोन पायऱ्या येतात, पण यावेळी मध्ये खड्डा. तीच उडी एकदा फुकट करू देतात आणि मग तिच्यावर जीव लावायला सांगतात. एक अक्षरही न लिहिता!

११ ऑक्टोबर, शनिवार

त्रेचाळिसांतून बारा निवडायची कसोटी सापडली. परवाच्या त्या पायऱ्या डोक्यातून जात नव्हत्या. माझ्या लक्षात आलं की ज्या गेमवर मी जीव टाकतो, त्या प्रत्येकाची मला आठवण येते ती मी चुकलो त्या क्षणाची. चुकल्यावर गेम माझ्याशी कसा वागला, एवढंच आता बघायचं. ज्याचं वागणं मनात राहिलं तो यादीत, बाकी कितीही सुंदर असला तरी बाहेर.

लगेच सव्वीस नावं गळाली. रोड रॅश गळाला, वाईट वाटलं. एज ऑफ एम्पायर्स २ सुद्धा गेला, पण तो असाही आठवडाभरात शिकवून व्हायचा नाही.

डेव्ह राहिला. डेंजरस डेव्ह! शाळेच्या कॉम्प्युटरच्या तासाला सर वळले की लागायचा तो. जॉन रोमेरोने १९८८ साली लिहिला, दहा लेव्हली, चषक उचला आणि दाराकडे पळा. डेव्हची उडी ठरलेली, हवेत गेल्यावर तिला मोठी-छोटी करता येत नाही, आणि आगीला नुसता पाय लागला की संपलं. कडक मास्तर, पण पक्षपाती नाही. दर वेळी चूक माझीच असायची आणि मला ती दिसायचीही.

या डेव्हची पुढची गोष्ट मला फार आवडते. सप्टेंबर १९९० मध्ये रोमेरोचा सहकारी जॉन कारमॅक याला पीसीवर पडदा सलग सरकवायची युक्ती सापडली, जी तोवर पीसीला जमत नव्हती. त्याने आणि टॉम हॉलने एका रात्रीत सुपर मारिओ ब्रदर्स ३ ची पहिली लेव्हल पीसीवर हुबेहूब उतरवली आणि मारिओच्या जागी रोमेरोचा डेव्ह पळवला. सकाळी रोमेरोने ते पाहिलं आणि आता इथली नोकरी पुरे, असं त्याला वाटलं. त्यातून इड सॉफ्टवेअर ही कंपनी उभी राहिली, १९९३ साली तिचा डूम हा गेम आला. आमच्या शाळेत ज्या डेव्हसाठी मारामारी व्हायची, तो एवढ्या मोठ्या घराण्यातला!

आणि प्रिन्स. जॉर्डन मेक्नरने १९८९ साली ॲपल टू या कॉम्प्युटरवर केलेला प्रिन्स ऑफ पर्शिया. आपल्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चौकट उतरवून काढली. म्हणून प्रिन्स थांबताना दोन पावलं घसरतो, कड्याला लोंबकळतो तेव्हा अंगाचं ओझं जाणवतं. हातात साठ मिनिटं. मेलात तर लेव्हलच्या सुरुवातीपासून, पण घड्याळ मागे जात नाही. म्हणजे चुकीची किंमत मिनिटांत मोजायची. मी सातवीत असताना पन्नासाव्या मिनिटाला आठव्या लेव्हलला होतो आणि घरी जायची घंटा झाली. ती घंटा मला आजही ऐकू येते.

चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारून गेलात की तुमची सावली दुसरीकडून निघते आणि पुढे तुमच्या वाटेत आडवी येत राहते. हे पात्र सुचलं तेच मुळी मेमरी संपली म्हणून. नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागा नव्हती, तेव्हा प्रिन्सचंच चित्र थोडं सरकवून त्याच्यावरच टाकलं आणि चमचमणारी आकृती तयार झाली. बाराव्या लेव्हलला ती तलवार काढून समोर उभी राहते. तिला मारलं की तुमचाच जीव जातो. तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगावर चालत जायचं, बस्स. बारा वर्षांच्या मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी वैतागून बटण सोडलं आणि ते झालं. आज लिहितानाही अंगावर काटा आला.

१२ ऑक्टोबर, रविवार

आईला टेट्रिसवर बसवलं, वरून पडणारे ठोकळे रचून ओळी भरायच्या त्या गेमवर. "मला नको तुमचं ते, डोळे दुखतात," म्हणाली, आणि पाऊण तास उठली नाही. मग मला आठवलं, यात्रेत घेतलेला तो ब्रिक गेम आम्ही शाळेत गेलो की हीच खेळत बसायची.

अलेक्सेई पाजित्नोव्हने १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीतल्या कॉम्प्युटरवर हा केला. त्या यंत्रावर चित्र काढायची सोयच नव्हती, म्हणून चौकोनी कंसांच्या जोड्यांनी ठोकळे दाखवले होते. आकार सात, प्रत्येकात चार घरं. यापेक्षा कमी सामानात यापेक्षा मोठा गेम कुणी केलेला नाही, असं माझं ठाम मत आहे.

टेट्रिस चूक पुसत नाही. जमलेली ओळ नाहीशी होते आणि बिघडलेली तिथेच राहते, तुमच्या डोळ्यांसमोर, पुढची चूक तिच्यावर चढते. मी नेहमी उजवी कड मोकळी ठेवून लांब दांडीची वाट बघतो. आई वाट बघत नाही. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "येईल तेव्हा येईल. आत्ता हातात आहे ते लाव." फडताळात डबे लावते तसं ती ठोकळे लावत होती, मोठा आधी मागे, बारीकसारीक पुढे. १०४ ओळी! माझ्या आज ८१.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रिमोट उघडले. आतली बटणांखालची रबरं कडक झालीत. पहिल्याची धुऊन पुसून बसवली, चालू. दुसऱ्याच्या बी बटणाखालचा काळा ठिपकाच झिजलाय. तूर्त त्यावर ६बी पेन्सिल घासली. शिसपेन्सिलीतून वीज वाहते, त्यामुळे काही दिवस निभावेल.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काही नाही. ऑफिसातून यायलाच दहा वाजले. फक्त वायरी बांधल्या.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

पीसीची बाजू पूर्ण. सेलेस्ट, होलो नाइट, अंडरटेल, ओब्रा डिन, राजी, वेन्बा.

होलो नाइट तपासून बघतो म्हणून उघडला आणि दोन तास गेले. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीने, म्हणजे मोजक्या मंडळींनी, २०१७ साली हा गेम आणला. मेल्यावर तिथेच तुमची काळी सावली उरते आणि तुमचे सगळे पैसे तिच्यापाशी. परत तिथवर जायचं आणि स्वतःच्या सावलीशी लढून ते सोडवायचे. वाटेत पुन्हा मेलात तर पैसे कायमचे गेले. ४ सप्टेंबरला याचा पुढचा गेम, सिल्कसाँग, आला, त्यात हे थोडं बदललंय. आता मेल्यावर रेशमाचा कोष उरतो, तो लढत नाही, आणि फोडला की हरवलेलं तर मिळतंच, वर रेशमाचा, म्हणजे जखमा भरून काढायच्या शक्तीचा, साठाही भरून मिळतो. म्हणजे ज्या बॉसने, मोठ्या शत्रूने, मारलं त्याच्याच समोर कोष पडला असेल तर तो फोडायचा क्षण आपण निवडायचा, ऐन अडचणीत. सिल्कसाँग जास्त अवघड आहे अशी सगळ्यांची ओरड आहे आणि ती खरी आहे, पण ही एक गोष्ट त्यात जास्त प्रेमाने केलीय. मी अजून संपवलेला नाही, घाई करणार नाही. साडेसहा वर्षं वाट बघितलीय त्याची.

मनूसाठी दोन्ही कठीण. यादीत ठेवतोय, तिला नंतर सापडतील.

१९ ऑक्टोबर, रविवार

मंडळी दुपारी आली. मनूने चपला काढायच्या आधी विचारलं, "मामा, कुठंय ते?"

मी नियम करून ठेवला होता की कुणी काही सांगायचं नाही. मारिओ लावला. गुम्बा आला, मनू धडकली, मेली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने उडी मारली, चुकून त्याच्या डोक्यावर पडली, तो चपटा झाला आणि ती मोठ्यांदा ओरडली. मशरूम बघून पळाली, वर डोकं आपटलं, मोठी झाली. अगदी जसं ठरवलं होतं तसं, चाळीस वर्षांपूर्वी, क्योतोत बसून!

पायऱ्यांपाशी आली तेव्हा मी श्वास रोखला. पहिल्या जोडीत खाली पडली, हसली, चढली. दुसऱ्या जोडीपाशी थांबली. मागे सरली. रिमोट छातीशी धरला, पळत येऊन उडी मारली. पार.

ताई दारात उभी राहून बघत होती. तिच्या तोंडून आपोआप संगीत निघत होतं, तों तों तों, खालच्या पट्टीतलं, पाइपात शिरल्यावरचं.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी

अभ्यंगस्नान, फराळ, आणि सहा वाजता मी आणि ताई काँट्रावर, दोघांनी मिळून खेळायच्या गोळीबाराच्या गेमवर. २९ वर्षांनी. सुरुवातीच्या पडद्यावर तिचा अंगठा थांबलाच नाही: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. तीस लाइफ. हा मंत्र मुळात ग्रेडियस या गेमचा. १९८६ साली काझुहिसा हाशिमोतोंना आपलाच गेम तपासताना जड जात होता म्हणून त्यांनी तो आत घालून ठेवला. तो १९८८ च्या काँट्रात आला आणि तिथून आमच्या वाड्यात कसा पोचला, याचा माग काढणं अशक्य आहे. पण पोरापोरांच्या तोंडून तो चुकल्याविना आला, एक बाण इकडचा तिकडे न होता.

काँट्रात माझ्या चुकीने दुसरा मरतो. तिसऱ्या स्टेजला धबधबा चढायचा असतो, पडदा वरच्याबरोबर सरकतो आणि जो खाली राहिला तो खालच्या कडेला लागून मरतो. मी लहानपणी पुढे पळायचो. आज ताई म्हणाली, "थांब रे, मी येतेय," अगदी त्याच आवाजात. थांबलो. तिची उडी चुकली, पुन्हा मारली, आली. मग दोघं मिळून वर.

माझ्या रिमोटचं बी बटण इथे दगा देत होतं. पेन्सिल पुन्हा घासली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

खेळ नाही. आईने चोपडीबरोबर व्हिडिओ गेमलाही हळद-कुंकू वाहिलं, बाबांच्या हातचा म्हणून.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

आजची नोंद मोठी होणार.

मनूने अंडरटेल सुरू केला. टोबी फॉक्सने केलेला, २०१५ चा. संगीतही त्याचंच. सुरुवातीलाच टोरिएल भेटते, शेळीसारख्या तोंडाची, आईच्या मायेची. हात धरून नेते, पाय नावाचा गोड भाजलेला पदार्थ बनवून ठेवते, झोपायला खोली देते. मग मनूला बाहेर जायचं असतं आणि टोरिएल जाऊ देत नाही, लढावं लागतं. लढाईत मारायचं बटण असतं तसं सोडून द्यायचंही असतं.

मनूने शांतपणे हिशोब केला, थोडं मारून दमवू आणि मग सोडून देऊ. कुणीही हाच विचार करेल, मीही केला होता. ती जपून मारत होती आणि एकदम एक घाव खोल गेला. टोरिएल गेली. मनू काही बोलली नाही. पडद्याकडे बघत राहिली, मग गेम बंद केला, पुन्हा उघडला, जुन्या ठिकाणाहून. यावेळी एकदाही मारलं नाही. सोडून दे, सोडून दे, सोडून दे, कंटाळा येईपर्यंत. टोरिएल आगीचे गोळे टाकत होती. मनूचा जीव संपत आला तेव्हा ते गोळे बाजूने वळून जायला लागले. मनू कुजबुजली, "आजी, ती मुद्दाम चुकवतेय." आई हातातला निवडायचा लसूण ठेवून जवळ सरकली.

टोरिएलने मिठी मारली, जाऊ दिलं. मनूने डोळे पुसले. पुढच्या खोलीत ते दुष्ट फूल, फ्लाउई. त्याने तिला तोंडावर सांगितलं की मला माहीत आहे, तू आधी तिला मारलंस आणि मग पस्तावून परत आलीस.

"मामा! याला कसं कळलं? मी तर सेव्हच केलं नव्हतं!"

गेमने वेगळ्या फाइलीत टिपून ठेवलेलं असतं. हे तांत्रिक उत्तर मी रात्री जेवताना दिलं. त्या क्षणी मलाही बोलवेना. सेव्ह असलेल्या बाकी गेममध्ये चुकीवर जुनं सेव्ह हा उतारा असतो, आणि या एकाने तो उताराच लक्षात ठेवला. मोजकी चित्रं, बटबटीत रंग, बरंचसं एका माणसाचं काम. मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांत यापेक्षा धाडसी काही झालेलं नाही.

मनू झोपताना आईला विचारत होती, "ती खरंच जिवंत आहे ना आता?"

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

ओवाळणी म्हणून ताईला डक हंटची बंदूक दिली, दहा फेऱ्यांपुरती. नेम चुकला की गवतातून कुत्रा वर येऊन हसतो. ताई त्या कुत्र्यावर गोळ्या झाडत बसली. त्याला लागत नाहीत, आम्हा दोघांनाही माहीत आहे.

दुपारी आई आणि वेन्बा. टोरंटोतल्या मंडळींनी २०२३ साली केलेला, तमिळ कुटुंब कॅनडात गेलेलं, आईच्या हातची पाककृतींची वही फाटकी, पुसलेली. पहिली इडली. ताटल्या एकावर एक कशा ठेवायच्या म्हणजे सगळ्यांना वाफ लागेल, एवढंच कोडं. मनू चुकत होती. आईने चष्मा वर केला आणि म्हणाली, "अगं, वाफेला वाट नको का?" पहिल्या फटक्यात जमलं. या गेममध्ये चुकलं तर पुन्हा करायचं, दंड नाही, स्वयंपाकघरात असतं तसंच. फारच छोटा आहे, दीड-दोन तासांत संपला. आईला पुढचा भाग हवा होता.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सेलेस्ट. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी, २०१८. आधी चार दिवसांत केलेला एक चिमुकला गेम होता, तो वाढवून हा झाला. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते. मेलात की अर्ध्या सेकंदात त्याच पडद्याच्या सुरुवातीला उभे. लाइफ नाहीत, गेम ओव्हर नाही. किती वेळा मेलात तो आकडा ठेवतात, आणि मध्येच एक पोस्टकार्ड येतं की या आकड्याचा अभिमान बाळगा.

मनू पहिल्या अध्यायात २३७ वेळा मेली आणि एकदाही रिमोट खाली ठेवला नाही. मधूनच थबकली. "मामा, मी कड्यावरून पडले होते. तरी उडी लागली."

तिला ते हाताला जाणवलं याचा मला इतका आनंद झाला! खरंच आहे तसं. कडा सोडल्यानंतरही दशांश सेकंद उडीचं बटण चालतं. डोकं छताच्या कोपऱ्याला काही ठिपक्यांनी लागत असेल तर गेम हळूच बाजूला सरकवून देतो. प्रोग्रॅमचा हा भाग त्यांनी सगळ्यांना वाचायला खुला केलाय, मी वाचलाय. ओळीओळीत खेळणाऱ्याला सांभाळून घेतलंय आणि तरीही डोंगर तितकाच उंच राहतो. डेव्ह आणि सेलेस्ट यांच्यात काय बदललं असं कुणी विचारलं तर मी हा दशांश सेकंद दाखवेन.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दाजी आठवडाभर लांबून बघत होते. त्यांना ओब्रा डिन लावून दिला. लुकास पोपने एकट्याने केलेला, २०१८. हरवलेलं जहाज १८०७ साली परत येतं, आत जिवंत कुणी नाही, आणि तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस. साठ माणसं, प्रत्येकाचं नाव आणि काय झालं ते शोधायचं. सगळं चित्र फक्त दोन रंगांत, ठिपक्याठिपक्यांचं. खलाशांत आपल्याकडचेही आहेत, त्यातले दोघे आजाराने गेलेले.

तुमचं उत्तर चूक की बरोबर, हे गेम लगेच सांगत नाही. तीन जणांचं अचूक जुळलं तरच शिक्कामोर्तब करतो. त्यामुळे अंदाजपंचे ठोकून काही हाती लागत नाही. दाजी बँकेत ऑडिटला असतात. त्यांनी कागद मागितला, रकाने आखले, बुटांवरून, झोपायच्या झुल्याच्या क्रमांकावरून माणसं ओळखायला लागले. रात्री दीड वाजता ताईने दिवा बंद केला. एकवीस झालेत.

२६ ऑक्टोबर, रविवार

गेली मंडळी.

सकाळी तासभर राजी झाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. राजी आपल्या भावाला, गोलूला, शोधत निघते, दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. मनूला तो 'आपल्या पुण्यात' झालाय यावर विश्वास बसेना. मध्ये गोल चकत्या फिरवून चित्र जुळवायचं असतं, जुळलं की भावाबहिणीची एक आठवण उलगडते. चुकीची फिरवली तर काहीच होत नाही, चित्र तुकड्यातुकड्यांत राहतं. मनू तिथे बराच वेळ थांबली. गेम हवा होता त्यापेक्षा लवकर संपतो, मला अजून हवा होता, पण त्या राजवाड्यांच्या भिंतींवरची चित्रं मी कुठल्याही परदेशी गेमशी बदलणार नाही.

शिल्लक कामं: दाजींची एकोणचाळीस माणसं. त्यांचा कागद ड्रॉवरमध्ये जपून ठेवलाय. दुसऱ्या रिमोटचं रबर मागवलंय, दोन आठवड्यांत येईल. टीव्हीचा आवाज वाढवला की कडेला रेघा येतात, काकांना दाखवायचा. आई टेट्रिसला १३१ वर आहे. मनूने जाताना माझ्या यादीत पेन्सिलीने तेरावं नाव घातलंय, तिच्या फोनवरचा कुठलासा गेम. पुढे लिहिलंय, 'मामाने खेळून बघणे. कुणी काही सांगायचं नाही.' आज रात्री उतरवून घेतोय.